गळ्यातली बाई

अकोल्याहून लग्न होऊन मी अमरावतीला आले तेव्हा माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि मंगळसूत्राच्या खाली एक मेलेली बाई होती. आजकालच्या पोरींना सवतीचा टाक म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, आणि सांगावं लागतं हे एका परीनं बरंच आहे. बिजवराशी लग्न झालं की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालायचा. रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई. दोन टिंबं म्हणजे डोळे, एक रेघ म्हणजे नाक, खाली निऱ्या. सोनाराकडे ठसा एकच, त्यामुळे गावातल्या साऱ्या मेलेल्या सवती एकाच तोंडाच्या. नवं लुगडं आलं की त्याची घडी आधी टाकाला लावायची, मग आपण नेसायचं. हळदीकुंकू आधी तिला, सणाचा पहिला घास तिला. नाहीतर ती रागावते म्हणायचे.

आमचे वकील बिजवर होते. त्यांची पहिली बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली, बाळासकट. मागे थोरली मुलगी तेवढी राहिली, चार वर्षांची. माझे वडील अकोल्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर आणि चार मुलींचे बाप. वकिलाचं स्थळ चालून आलं म्हणताना त्यांनी फार विचार केला नाही. मी केला होता, पण मला विचारतो कोण! लग्न लागल्यावर ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, ते मी तिरक्या डोळ्यानं वाचलं. ते पहिलीचंच नाव होतं.

ही सूचना माझ्या नणंदेची. वन्सं म्हणजे वकिलांची मोठी बहीण, नवव्या वर्षी विधवा होऊन भावाकडे आलेली, लाल आलवणातली, सडसडीत, तोंडानं फटकळ. मी एकदा धीर करून विचारलं, की वन्सं, नाव तरी वेगळं ठेवायचं होतं. त्या म्हणाल्या, "तोंडात बसलेलं नाव हाय. आता या वयात मी नवं नाव कुठं पाठ करत बसू?" त्या स्वयंपाकघरातून हाक मारायच्या आणि मी 'आले' म्हणून उठायचे. पहिल्या महिन्यात दर वेळी वाटायचं, की माझ्या पाठीमागे आणखी कुणीतरी उठलंय. मी मागे वळून पाहायची नाही.

खरा घोटाळा पोरीचा होता. मी उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आले त्याच दिवशी वन्संनी तिला कडेवर घेऊन माझ्यासमोर धरलं, माझ्या गळ्यावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "हे पाह्य, तुझी माय इथं बसली हाय." वन्संच्या मनात काही वाईट नव्हतं. रडणाऱ्या पोराला काहीतरी सांगायचं म्हणून माणूस सांगतं. पण पोरीनं ते धरून ठेवलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बोलायची ती टाकाशी. समोर यायची, नजर माझ्या गळ्यावर ठेवायची आणि म्हणायची, "आई, आत्या मारून राहिली." "आई, माझी बाहुली हरवली." बोलून झालं की तशीच खाली मान घालून निघून जायची. मी म्हणजे खुंटी.

त्याच वर्षी श्रावणात ती तापानं फणफणली. मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. पाण्याचं भांडं ओठाला लावलं तर तिनं तोंड फिरवलं. डोळे टाकावर. म्हणाली, "आई, तू सांग न. पाणी घेऊ का?" मी वाट पाहिली, दुसऱ्यांदा भांडं पुढे केलं, तिसऱ्यांदा केलं. ओठ पार सुकले होते पोरीचे. मग मी तोंड न हलवता, बारीक आवाजात म्हणाले, "घे बाळा." ती घटाघटा भांडंभर पाणी प्यायली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेव्हापासून टाक बोलायला लागला. "जेव बाळा." "वेणी घालू दे बाळा." घरातली सगळी कामं सोपी झाली, खोटं कशाला बोलू. पण जो आवाज मी काढला होता तो हळूहळू आपला आपण निघायला लागला. एका दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते, पोर शाळेत होती, घरात सामसूम. शेजारच्या खोलीतून वन्सं एकदम दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आत्ता कोण बोललं?"

"मीच असेन," मी म्हणाले. खरं तर मी काही बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

"तू नाई," वन्सं म्हणाल्या. "थे बोलली."

आणि आत गेल्या, जणू शेजारीण येऊन गेली. मी तांदळाचं सूप तसंच ठेवून ओसरीवर उन्हात जाऊन बसले.

दोन वर्षं असं चाललं. पोर सहाची झाली. या दोन वर्षांत तिनं माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. लोकांना वाटेल, बाईला काय एवढं लागलं त्याचं! पण ज्याचं जळतं त्याला कळतं. मला दागिना नको होता, माहेरी जायला नको होतं, पोटची लेकरंसुद्धा तेव्हा मी मागत नव्हते. मला एवढंच हवं होतं, की या पोरीनं एकदा मान वर करावी. पण खरं सांगितलं असतं तर तिची आई दुसऱ्यांदा मेली असती, आणि मारणारी मी असते.

असे दिवस चालले असताना प्रदर्शनाची गोष्ट निघाली. तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, राज्य इंग्रजाचं, कचेऱ्या नागपुरात. बायकांना नुकती मतं मिळाली होती आणि गावातल्या शिकलेल्या बायकांच्या अंगात वारं भरलं होतं. त्यांच्यात पुढे होत्या त्या जनाना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. सायकलवरून यायच्या. त्यांनी ठरवलं, की मुलींच्या शाळेच्या हॉलमध्ये तीन दिवस बायकांच्या हातच्या चित्रांचं आणि कलाकुसरीचं प्रदर्शन भरवायचं. विषय होता 'स्त्री: काल आणि आज'. मी ड्रॉइंग मास्तरांची मुलगी आहे हे त्यांना कळलं होतं. सायकल आमच्या फाटकाला टेकवून त्या आत आल्या आणि वकिलांसमोरच मला म्हणाल्या, "तुम्ही आजची स्त्री काढा. हातात पुस्तक, पायात चपला, नजर समोर."

मी हो म्हणाले. आणि मनात ठरवलं, की पहिलीला काढायचं. टाकावरच्या दोन टिंबांऐवजी पोरीला खरं तोंड मिळेल, ते भिंतीवर राहील, आणि माझा गळा सुटेल. यात किती पोरीसाठी होतं आणि किती माझ्यासाठी, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

घरात तिचा फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं वन्संचं मत. तरी ती गेलीच, पण मत काही बदललं नाही. मग मी चौकशा सुरू केल्या. आधी वकिलांना विचारलं, ती दिसायला कशी होती. त्यांनी हातातले कागद खाली ठेवले, चष्मा काढला. बराच वेळ छताकडे बघत होते. "गोरी," म्हणाले. मग म्हणाले, "नाही, सावळीच असावी. माणूस चांगलं होतं." सहा वर्षांचा संसार! दिवसाउजेडी बायकोकडे बघायची रीत नव्हती, हे मला माहीत होतं. तरी मला राग आला, आणि रागाच्या मागून भीती आली. उद्या मी गेले तर माझंही एवढंच सांगतील.

वन्संनी जरा जास्त सांगितलं. "नाक सरळ. तुझ्यावाणी बसकं नाई." भातकुलीकडून रोज फुलं घेऊन येणारी माळीण म्हणाली, "भुवया जुळेल व्हत्या न माय. अन् कपाळ पोरीचंच, काही फरक नाई." ट्रंकेत तिची एक चोळी होती, तिच्यावरून खांदे ठरवले. डोळ्यांचं मात्र कुणालाच सांगता येईना. वन्संना खोदून खोदून विचारलं तेव्हा त्या चिडल्या. "डोळे मले काय माहीत? डोळे तं खालीच असत तिचे."

मग मी काय करणार! माडीवरच्या खोलीत दुपारी आरसा ठेवला आणि डोळे माझे घातले. ओठही माझे, गळाही माझा. आठ-दहा दुपारी गेल्या. शेवटच्या दिवशी ब्रशातून तपकिरी रंगाचा एक थेंब डाव्या ओठाखाली पडला. पाण्याच्या रंगाचं असंच असतं, पुसायला जावं तर जास्त पसरतं. मी टिपकागदानं टिपला, तरी ठिपका राहिलाच. म्हटलं राहू दे, मरू दे.

चित्र खाली आणून भिंतीला टेकवून ठेवलं. वन्सं देवघरातून बाहेर आल्या, दोन पावलांवर थांबल्या. त्यांनी आलवणाचा पदर डोक्यावर नीट ओढून घेतला, पाहुणी आल्यावर घ्यायच्या तसा. मग चित्राला म्हणाल्या, "ये व. उभी काहून? बस."

वन्सं माझ्याकडे वळल्या. "तीळ तुले कोणं सांगितला?"

"कुठला तीळ?"

"हा ओठाखालचा. मी तं सांगितला नव्हता."

मी ठिपक्याची गोष्ट त्यांना सांगितली नाही. त्या रात्री मला झोप आली नाही, एवढंच लिहिते.

प्रदर्शनाला कमिशनरसाहेबांच्या मडम आल्या, फीत कापून अर्ध्या तासात गेल्या. मग दुपारपासून बायकांची रीघ. हॉलच्या एका अंगाला 'आज': काळा डगला घातलेली वकील बाई, मताची पेटी, सायकलवरची मुलगी, सगळं भरतकामात नाहीतर रंगात. दुसऱ्या अंगाला 'काल': जातं, पाळणा, आणि खुंटीला टांगलेलं एक खरंखुरं लाल आलवण. वन्सं त्या आलवणासमोर कितीतरी वेळ उभ्या होत्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, "मी तं अजून नेसून राहिली, अन् यायनं काल करून टाकलं!" दोघी-तिघी हसल्या, पण डॉक्टरीणबाईंचं तोंड उतरलं.

माझं चित्र त्यांनी 'काल'मध्ये लावलं. "चांगलं आहे, पण हा चेहरा आजचा नाही," म्हणाल्या. चित्राखाली काढणारीच्या नावाची चिठ्ठी होती. नाव माझं, म्हणजे तिचंही. पहिलीला ओळखणाऱ्या बायका आमच्या आळीतल्या बऱ्याच होत्या. एकीनं चिठ्ठी वाचली, चित्राकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "अव माय! थेच हाय. तीळसुद्धा." मग दुसरी आली, तिसरी आली. प्रत्येकीला आधी तीळ दिसायचा. मी अगदी चित्राला लागून उभी होते, एक बाई माझ्याकडे बोट करून विचारायची, "ही कोण?" दुसरी सांगायची, "दुसरी." "असं का," म्हणून ती पुन्हा चित्राकडे वळायची. ते डोळे माझे आहेत हे एकीच्याही ध्यानात आलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बायांनो, इकडं बघा, इथं मी उभी आहे!

दुसऱ्या दिवशी चित्राच्या काचेवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. खाली तांदूळ, खण, दोन संत्री, हिरव्या बांगड्या. डॉक्टरीणबाई संतापल्या. "हे प्रदर्शन आहे, देऊळ नव्हे! आपण नवी स्त्री दाखवतो आहोत!" "हाव बाई," बायका म्हणाल्या, आणि डॉक्टरीणबाईंची पाठ वळताच आणखी दोघींनी ओटी भरली. त्यातल्याच एका म्हातारीनं वन्संना टोकलं, "टाक हिच्या गळ्यात काहून ठेवला? जिचा तिले द्या." वन्संना ते पटलं. त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यातून टाक काढला आणि चित्राच्या चौकटीच्या कोपऱ्याला अडकवला. टाक होता तिथं माझ्या गळ्यावर रुपयाएवढा फिकट डाग पडला होता. दिवसभर माझा हात तिथंच जात होता.

इथंच पुढचं एक सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. वीसेक वर्षांनी पहिलीच्या माहेरून एक फोटो आला, कुठल्याशा लग्नातला, बायकांचा घोळका. मागे नावं लिहिलेली. तिचं लग्न होऊन पोर झाल्यानंतरचा होता. गोल तोंड, नाक माझ्याहून बसकं, भुवयांत चांगलं बोटभर अंतर. ओठाखाली तीळ नव्हता. मी भिंग लावून पाहिलं. वन्सं तेव्हा होत्या. त्यांनी फोटो खिडकीत नेऊन पाहिला आणि मला परत दिला. "ही थे नाई," म्हणाल्या. "थे मले माहीत हाय." आता सांगा, त्या तीन दिवसांत बायकांनी ओटी भरली ती कुणाची?

तिसऱ्या दिवशी पोरीला आणलं. मुद्दामच शेवटच्या दिवसासाठी ठेवलं होतं. वन्संनी तिला परकर-पोलकं नेसवलं होतं. तिचं बोट धरून त्या हॉलमध्ये आल्या तेव्हा चित्रासमोर पंधरा-वीस बायका होत्या. त्या बाजूला सरल्या. वन्संनी बोट सोडलं आणि म्हणाल्या, "पाह्य, तुझी माय."

पोर चित्रासमोर उभी राहिली. तिनं चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "आई."

पोर वाट पाहत होती. तिच्या आईनं दोन वर्षांत प्रत्येक हाकेला ओ दिली होती. ती आवाज ऐकायला मान एका बाजूला करून उभी होती, आणि तो आवाज माझ्या घशात येऊन बसला होता. मी तो आणला नव्हता, आपणहून आला होता. मी दात आवळले. एक 'ओ' दिली असती तर पोरीला चित्रात आई मिळाली असती, बायकांना चमत्कार मिळाला असता, आणि मी जन्मभर भिंतीआडून बोलत राहिले असते.

"आई, बोल न."

तिनं चौकटीला अडकवलेला टाक पाहिला. टाकाजवळ तोंड नेलं. "आई, मी आली न. बोल न." माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मी तोंड उघडलं नाही. मागे कुणीतरी हुंदका दिला. डॉक्टरीणबाई पुढे यायला लागल्या, त्यांना वन्संनी हातानं थांबवलं.

पोर वळली. सवयीनं तिची नजर माझ्या गळ्यावर गेली. तिथं काही नव्हतं, नुसता डाग. ती थोडा वेळ त्या डागाकडे बघत राहिली. आणि मग तिनं मान वर केली.

दोन वर्षांत पहिल्यांदा तिचे डोळे मला पुरते दिसले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मग चित्राकडे, मग पुन्हा माझ्याकडे. एवढ्या मोठ्या बायांना तीन दिवसांत जे दिसलं नाही ते सहा वर्षांच्या पोरीला दिसलं.

"ही तं तू हायस," ती म्हणाली.

ती एक पाऊल माझ्याजवळ आली.

"थे तूच बोलत होतीस न? पाणी घे म्हणून?"

"हो," मी म्हणाले. माझ्या स्वतःच्या आवाजात म्हणाले, तो घोगरा निघाला. "मीच बोलत होते."

तिनं दोन्ही मुठी वळल्या आणि मला मारायला सुरुवात केली. मांडीवर, पोटावर, जिथं हात पोचेल तिथं. "मग माझी आई कुठं हाय? कुठं हाय माझी आई?" बायका तिला धरायला धावल्या. मी म्हणाले, खबरदार कुणी हात लावला तर! मी खाली बसले, म्हणजे तिचे हात नीट पोचतील. ती मारत होती, रडत होती, शेंबूड ओठावर आला होता, आणि सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती.

दमली तेव्हा थांबली. घरी जायला टांगा केला. वन्सं एका बाजूला बसल्या, मांडीवर चित्र, मुठीत टाक. घर आलं तेव्हा पोर म्हणाली, "मले तहान लागली." माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली.

मी पाणी आणलं. तिनं कुणालाही न विचारता घेतलं.